फ्रेंच घराण्यातलं जुनं, वेगळं नाव बाळाला ठेवायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रान्समध्ये संसार थाटलेली मराठी मंडळी, मराठी घरात आलेले फ्रेंच जावई आणि सुना, आणि अधूनमधून त्यांच्या पुण्या-नागपूरच्या आज्या यांच्याकडून पुन:पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. फ्रेंच नावं उच्चाराच्या जवळपास जातील अशी देवनागरीत लिहिली आहेत. नाकातले स्वर जमतील तसे.

१. फ्रान्समध्ये बाळाला कुठलंही नाव ठेवता येतं का? सरकारी यादी असते असं ऐकलंय.

यादीचा जाच होता, आता नाही. १ एप्रिल १८०३ च्या कायद्याने कॅलेंडरातली आणि प्राचीन इतिहासातल्या व्यक्तींची नावं तेवढी मान्य केली होती. ब्रिटनीसारख्या प्रांतांना हा कायदा फार जाचला. ब्रेतॉन नावं ठेवली म्हणून मुलांची नोंद नाकारल्याची प्रकरणं पार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घडली. १९६६ च्या सरकारी सूचनेने प्रादेशिक नावांना वाट मिळाली आणि ८ जानेवारी १९९३ च्या कायद्याने निवड आईवडिलांच्या हाती आली. आता नोंदणी अधिकारी तुम्ही सांगाल ते नाव लिहून घेतो. नाव बाळाच्या हिताचं नाही असं वाटलं तर तो सरकारी वकिलांना कळवतो आणि प्रकरण कौटुंबिक न्यायाधीशाकडे जाऊ शकतं. थोडक्यात, खिडकीपलीकडचा माणूस नाक मुरडू शकतो, नाव नाकारू शकत नाही. न्यायालयात अडकलेली नावं प्रश्न १० मध्ये आहेत.

२. आमच्याकडे बारसं बाराव्या दिवशी. तोपर्यंत नाव गुपित ठेवता येईल?

घरच्यांपासून ठेवा, सरकारपासून जमणार नाही. जन्माची नोंद पाच दिवसांत, बाळ ज्या गावात जन्मलं तिथल्या नगरपालिकेत करावी लागते. जन्माचा दिवस मोजत नाहीत. शेवटचा दिवस शनिवार, रविवार किंवा सुट्टीचा आला तर पुढचा कामाचा दिवस धरतात. मुदत हुकली की न्यायालयाची पायरी चढल्याशिवाय नोंद होत नाही, तेव्हा इथे 'बघू, करू' चालत नाही.

म्हणजे नाव आधी दप्तरी चढतं आणि आत्या कानात कुर्रर्र नंतर करते. बरीच जोडपी बारशाला पुकारायचं मराठी नाव दुसरं किंवा तिसरं नाव म्हणून आधीच लिहून टाकतात आणि बाराव्या दिवसापर्यंत तोंडातून ब्र काढत नाहीत. नावरस अक्षर पाहायचं असेल तर गुरुजींना फोन दवाखान्यातूनच करा.

फ्रेंच बाजूलाही काही सोहळा हवा असेल आणि चर्च नको असेल, तर नगरपालिकेत 'बाप्तेम रेप्युब्लिकँ' हा नागरी नामकरणाचा विधी करता येतो. तो क्रांतीच्या काळापासून चालत आला आहे. त्याला कायदेशीर वजन शून्य, आणि प्रत्येक नगरपालिका तो करेलच असं नाही. फोटो मात्र छान येतात.

३. नाव खरंच दुर्मीळ आहे का, हे कसं तपासायचं?

फ्रान्सची राष्ट्रीय सांख्यिकी संस्था 'इन्से' १९०० पासूनच्या जन्मनोंदींतल्या नावांची आकडेवारी फुकट उपलब्ध करून देते. कोणतं नाव कोणत्या वर्षी किती बाळांना ठेवलं, ते त्यात दिसतं. ज्यांची नोंद फारच थोडी आहे अशी नावं तिथे 'दुर्मीळ नावं' या एकाच गठ्ठ्यात टाकलेली असतात. तुमचं नाव यादीत सापडलंच नाही तर ते बहुधा त्या गठ्ठ्यात आहे.

फक्त ताज्या वर्षाचा आकडा पाहू नका. मागच्या दहा-पंधरा वर्षांची चाल पाहा. 'मार्सो' किंवा 'लेओं' एके काळी म्हाताऱ्यांची नावं होती, आज बालवाडीत दिसतात. आणि पोरगं ज्या शाळेत जाणार तिथली हजेरी देशाच्या सरासरीवर चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

४. नवऱ्याला आजीचं 'मोनिक' नको, पण पणजीचं 'सुझान' चालतं. हा काय प्रकार?

फ्रेंच कानाला आजीआजोबांच्या पिढीची नावं जुनाट वाटतात आणि पणज्यांची देखणी. मोनिक, जेरार, बेर्नार ही विसाव्या शतकाच्या मध्यावर घरोघरी होती, म्हणून आज ती ऐकली की निवृत्तीवेतन आठवतं. सुझान, जान, लुईझ, ज्यूल यांच्यावरची धूळ झटकली गेली आहे. आपल्याकडेही सुनीता-संजय आज पाळण्यात दिसत नाहीत, रमा आणि माधव दिसतात. नवऱ्याचा आजीवर राग नाही, तो पिढीचा कान आहे. मोनिक दुसऱ्या जागी ठेवा (प्रश्न ८).

५. सासरच्यांना पणजोबांच्या पलीकडचं काही ठाऊक नाही. जुनी नावं शोधायची कुठे?

घरातल्या 'लिव्रे द फामी'पासून सुरुवात करा. लग्नानंतर किंवा पहिल्या बाळाच्या वेळी मिळणारी ही कुटुंबाची नोंदवही बहुतेक घरांत कपाटाच्या तळाशी असते. त्यातून एक गाव आणि एक वर्ष मिळालं की पुढचं काम सोपं.

मग त्या जिल्ह्याचं दप्तर, म्हणजे 'आर्शीव्ह देपार्तमांताल' गाठा. बहुतेक जिल्ह्यांनी जुनी पानं छायाचित्रांच्या रूपात इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. सप्टेंबर १७९२ पासूनच्या नोंदी नगरपालिकांच्या आहेत, त्याआधीच्या चर्चच्या. बाप्तिस्म्याची नोंद ठेवण्याचा राजाचा हुकूम १५३९ चा, पण इतकी जुनी पानं फार थोड्या गावांत टिकली. नगरपालिकेच्या काळासाठी 'ताब्ल देसेनाल' नावाची दहा-दहा वर्षांची सूची असते, आधी तीच चाळा. नाहीतर एकेक पान उलटत रात्र जाईल. जन्म आणि लग्नाच्या नोंदी ७५ वर्षांनी सर्वांना खुल्या होतात, मृत्यूच्या २५ वर्षांनी. स्वत:च्या थेट पूर्वजांच्या नोंदीची प्रत त्याआधीही मागता येते.

घराणं पॅरिसचं असेल तर थोडा धीर धरा. मे १८७१ मध्ये कम्यूनच्या, म्हणजे पॅरिसमधल्या बंडखोर सरकारच्या, शेवटच्या दिवसांत तिथलं नगरभवन जळालं आणि दुसरी प्रत जिथे होती ते न्यायालयही पेटलं. १८६० पूर्वीच्या नोंदींपैकी साधारण एक तृतीयांशच नंतर पुन्हा उभ्या करता आल्या.

६. नोंदी सापडल्या, पण सगळ्या बायका 'मारी' आणि सगळे पुरुष 'जाँ'! यात वेगळं नाव कुठून आणू?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि सगळ्यात रंजकही.

एक तर, 'मारी' लिहिलं म्हणजे घरात मारी म्हणत असतील असं नाही. एकाच घरात मारी-आन, मारी-झेली, मारी-ओनोरीन अशा चार बहिणी असत आणि हाक दुसऱ्या नावाने मारली जाई. ते दुसरं नाव शोधायचं. लग्नाची आणि मृत्यूची नोंद, जुनी पत्रं, पोस्टकार्डं, थडग्यावरचा दगड इथे माणूस त्याच्या वापरातल्या नावाने भेटतो. आपल्याकडे सासऱ्याचं नाव नातवाला ठेवल्यावर सुनेला ते तोंडाने घेता येत नसे, म्हणून पोराला बापू नाहीतर अण्णा म्हणत. कागदावरचं नाव आणि हाकेचं नाव यांची फारकत आपल्याला नवी नाही.

दुसरं, बाप्तिस्म्याची नोंद शेवटपर्यंत वाचा. साधारण क्रम असा: तारीख, बाळ, आईवडील, मग धर्मपिता आणि धर्ममाता, आणि तळाशी सह्या किंवा 'सही करता येत नाही असं सांगितलं' एवढं वाक्य. बाळाचं नाव बहुतेकदा त्या धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं असतं, आणि ती दोघं बहुधा काका, मावशी, आजोबा अशी घरचीच. तुम्हाला आवडलेली १७८० ची 'पेरीन' हे नाव कुणाकडून घेऊन आली, ते त्याच चार ओळींत सापडतं. मग लेकीला सांगायला नुसतं नाव उरत नाही, अख्खी माणसं मिळतात.

तिसरं जरा जपून. एकाच आईबापाची दोन-तीन 'फ्रांस्वा' सापडली तर लेखनिकाची चूक समजू नका. मूल तान्हेपणी गेलं की तेच नाव पुढच्या बाळाला ठेवायची रीत होती. कुणाला ते हृद्य वाटतं, कुणाला अपशकुन. पण नाव पक्कं करण्याआधी ते ज्याच्यावरून ठेवताय तो माणूस तीन महिन्यांचा होता की ऐंशी वर्षांचा, एवढं पाहून घ्या. पुण्याच्या आजीला हे नंतर कळलं तर घरात महिनाभर चर्चा चालेल.

७. नेमका पूर्वज नाही सापडला. निदान त्यांच्या प्रांताची ओळख सांगणारी नावं कोणती?

फ्रान्समध्ये गावोगावच्या संतांमुळे नावांना मुलूख असतो. ब्रिटनीत कँपेरचं कॅथीड्रलच कोरांतँचं आहे, त्रेगियेला त्युगद्युआल, शिवाय मालो आणि रोनान. अल्सासची ओदील, तिच्या नावाचा डोंगर आणि मठ आजही गजबजलेला असतो. ल्योंची ब्लांदीन, इ.स. १७७ मध्ये तिथे मारल्या गेलेल्या ख्रिस्ती हुतात्म्यांपैकी एक. बेरीची सोलांज, धनगराची पोर. आमियँचा फिर्मँ, दिजोंचा बेनीन्य, लिमोजचा मार्सियाल. सावोयच्या राजघराण्यात आमेदे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. पिरेनीजच्या पायथ्याशी, बेआर्नकडे गास्तों.

माझं आवडतं प्वातियेचं 'रादगोंद'. थुरिंगियाची राजकन्या, लुटीत पकडून आणलेली, फ्रँक राजा क्लोतेरची राणी झाली. पुढे नवऱ्याला सोडून तिने प्वातियेत मठ काढला आणि ५८७ मध्ये तिथेच वारली. नाव भारदस्त आहे, कथा त्याहून. पण आजच्या वर्गात 'रादगोंद, उभी राहा' हे पेलणारी मुलगी तशीच खमकी लागेल. मी ते दुसऱ्या जागी ठेवेन.

आक्वितेनसाठी 'आलियेनोर' आहे, आधी फ्रान्सची आणि मग इंग्लंडची राणी झालेली. ते आता तितकं अनोळखी राहिलेलं नाही.

८. वेगळं नाव पहिलं ठेवावं की दुसरं?

माझं मत स्पष्ट आहे: पहिलं नाव बाळाचं, पुढची घराण्याची.

फ्रान्समध्ये जन्मनोंदीत एकापेक्षा जास्त नावं लिहिता येतात, कमाल संख्या कायद्याने ठरवलेली नाही. दोन-तीन सर्रास असतात आणि त्यांत आजीआजोबा, धर्मपिता, धर्ममाता यांची नावं ओवायची जुनी रीत आहे. महत्त्वाची गोष्ट ही की नागरी संहितेच्या कलम ५७ नुसार नोंदीतलं कुठलंही नाव रोजच्या वापराचं म्हणून निवडता येतं. समजा तुम्ही 'लुईझ, रादगोंद, इंदिरा' असं लिहिलंत. लेक शाळेत लुईझ म्हणून जाईल, आजोळी इंदू म्हणून वाढेल आणि विसाव्या वर्षी तिला वाटलं तर रादगोंद होईल, एकही अर्ज न करता.

नावांच्या मध्ये स्वल्पविराम आहे का ते सही करण्याआधी पाहा. जोडरेघ पडली तर दोन नावांचं एक जोडनाव होतं आणि मग अर्धं वापरायची सोय राहत नाही. बाळापायी झालेल्या जागरणाने डोळे तारवटलेले असताना बापाकडून नेमकी हीच चूक सुटते.

९. मराठी पद्धतीने मधे वडिलांचं नाव घालता येईल?

येईल, पण फ्रेंच दप्तरात ते 'वडिलांचं नाव' म्हणून नाही, बाळाचंच दुसरं नाव म्हणून वाचलं जातं. मुलीचं दुसरं नाव 'प्रशांत' लिहिलं तर कायदा आड येत नाही. डॉक्टरांच्या प्रतीक्षागृहात मात्र कधीतरी प्रश्न विचारला जाईल. फ्रेंच पणजी आणि मराठी बाबा दोघंही हवे असतील तर बाबा शेवटी. आडनाव ही वेगळी गोष्ट: १ जानेवारी २००५ पासून आई, वडील किंवा दोघांचंही आडनाव बाळाला देता येतं.

१०. जुन्या नावामुळे मुलाची चेष्टा होईल का? न्यायालय नाव रद्द करतं म्हणे.

न्यायालयात अडकलेली गाजलेली नावं घराण्यातली नव्हती. व्हालांसियेनच्या न्यायालयाने एका मुलीचं 'न्युतेला' (पावाला लावायच्या चॉकलेट-क्रीमचं नाव) काढून 'एला' केलं. त्याच गावात 'फ्रेझ', म्हणजे स्ट्रॉबेरी, हे नाव चिडवण्याला आमंत्रण देईल म्हणून नाकारलं गेलं. तेव्हा आईवडिलांनी काय करावं? एकोणिसाव्या शतकातलं जुनं 'फ्रेझीन' हे नाव शोधून काढलं आणि ते मंजूर झालं. जुन्या नावाला इतिहासाचा आधार असतो तो असा. आडनावाशी मिळून विनोद होतो का हेही पाहतात. रनो आडनावाच्या घरात मुलीचं नाव 'मेगान' ठेवलं आणि 'रेनो मेगान' या गाडीच्या मॉडेलशी साम्य म्हणून प्रकरण कोर्टात गेलं. रेनच्या अपील न्यायालयाने २००० साली ते राहू दिलं.

कायद्यापेक्षा शाळेचं मैदान कठोर. 'बार्ब' हे लोरेनच्या जुन्या नोंदींत पानोपानी भेटणारं नाव, अग्निशामक दलाची आणि खाणकामगारांची संत. पण बार्ब म्हणजे दाढी. 'क्युनेगोंद' ऐकलं की फ्रेंच माणूस हसतोच. असं नाव पहिलं ठेवू नका.

मराठी आडनावही फ्रेंच तोंडातून ऐकून घ्या. भिडे हे ते 'बीद' असं वाचतील, आणि बीद म्हणजे आपटलेला प्रयोग. नावाने सावरून घ्यावं लागतं.

११. आजोळच्यांना उच्चारता येईल असं नाव हवंय. काय टाळावं?

नाव कागदावर दाखवू नका, फोनवर ऐकवा. 'बन्वा' ऐकून नागपूरचे काका विचारतील, काय बनवा? 'गाएल'ला कधी गाएल ते विचारतील. 'आशील' हा होमरचा वीर, पण वकिलाच्या घरात तो अशील होईल. 'लू' म्हणजे लांडगा आणि खरंखुरं संताचं नाव. विदर्भात मे महिन्यात नको.

उलट काही नावं दोन्हीकडे सहज बसतात. उलालीचं लाडकं रूप 'लाली'. सिदोनी, ओदील, लेओनी, झेली यांत मराठी जिभेला अडथळा नाही. झेलीला तर ताजा मानही आहे, लिझ्यच्या तेरेझची आई झेली मार्तँ २०१५ मध्ये संत घोषित झाली. आणि 'रोहन'! ब्रिटनीत त्या नावाचं गाव आहे आणि त्याच नावाचं जुनं सरदारघराणंही. फ्रेंच लोक त्याला रोआँ म्हणतात. ब्रेतॉन सासर असेल तर याहून सोयीचं काय?

१२. पणजोबांचं नाव मुलीला द्यायचंय.

जुन्या फ्रेंचमध्ये जवळपास प्रत्येक पुरुषी नावाची जोडीदारीण आहे. आंरीची आंरियेत, गियोमची गियमेत, पियेरची पेरीन, फिलिपची फिलिपीन, लेओंची लेओनी किंवा लेओंतीन. वेगळं नाव शोधणाऱ्यांसाठी ही खाण आहे आणि अजून फारशी उपसलेली नाही. क्लोद, कामीय, दोमिनीक ही दोघांनाही चालतात, जशीच्या तशी ठेवा.

१३. सासूबाई हयात आहेत. त्यांचं नाव ठेवलं तर वाईट दिसेल का?

आपल्याकडे बऱ्याच घरांत गेलेल्या माणसाचं नाव ठेवतात, म्हणून हा संकोच. फ्रेंच घरात आजी हयात असताना तिचं नाव बाळाच्या दुसऱ्या-तिसऱ्या जागी येणं अगदी नेहमीचं, आणि आजी खूश होते. विचारून मात्र घ्या. काही जणींना स्वत:चं नाव जन्मभर आवडलेलं नसतं.

१४. ब्रेतॉन नावातली विशेष चिन्हं नोंदीत घेतात का?

फ्रेंच भाषेची स्वरचिन्हं, सेदीय ('सी' अक्षराखालची शेपटी) आणि जोडाक्षरं घेतात. यादी २०१४ च्या परिपत्रकात आहे. त्याबाहेरच्या चिन्हांवर भांडण होतं. कँपेरमध्ये २०१७ साली जन्मलेल्या 'फांश'च्या 'एन'वरची नागमोडी रेघ न्यायालयात गेली आणि २०१८ मध्ये रेनच्या अपील न्यायालयाने ती राखली. पण एका बाळाचा निकाल म्हणजे सगळ्यांना परवाना नव्हे. भारतीय कागदांवर यातलं काहीच उमटत नाही, त्यामुळे चिन्ह काढल्यावरही नाव ओळखू येतं का ते पाहा.

१५. बाळ पुण्यात जन्माला येणार आहे. मग नियम कुठले?

पहिली नोंद महापालिकेची, २१ दिवसांत. आपल्याकडे नाव कोरं ठेवून नंतरही भरता येतं, पण फ्रेंच नोंद व्हायची असेल तर तसं करू नका. फ्रेंच वकिलातीत नोंद उतरवताना महापालिकेचा दाखलाच आधार असतो, म्हणून सगळी नावं पहिल्याच दाखल्यावर, ठरलेल्या क्रमाने आणि फ्रेंच स्पेलिंगने लिहून घ्या. रुग्णालयाचा फॉर्म भरणाऱ्याला तोंडी सांगू नका, चिठ्ठी द्या. 'गियोम' ऐकून इंग्रजीत काय लिहिलं जाईल याचा नेम नाही. वडिलांच्या नावाचा घोळ इथेही होतो (प्रश्न ९).

पालकांपैकी एक जण फ्रेंच असेल तर बाळ जन्मत:च फ्रेंच. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे फ्रेंच पासपोर्ट घेतलात तर भारतासाठी ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डाचा मार्ग. त्यावरचं नाव पासपोर्टाप्रमाणे येतं.

१६. आमच्यात कुणीच फ्रेंच नाही, नुसतं आवडतं. ठेवू?

ठेवा की. फक्त 'घराण्याची आठवण' म्हणून सांगू नका, एवढंच.

१७. मोठं झाल्यावर मुलाला नाव नकोसं झालं तर?

आधी नोंदीतलं दुसरं नाव वापरून पाहावं, त्याला परवानगी लागत नाही (प्रश्न ८). नाव खरोखर बदलायचं असेल तर २०१६ च्या कायद्यापासून न्यायालयाऐवजी नगरपालिकेतच अर्ज करता येतो. राहत्या गावच्या किंवा जिथे जन्मनोंद आहे तिथल्या. कारण पटण्याजोगं लागतं: चेष्टेचा त्रास, वर्षानुवर्षं दुसऱ्याच नावाने ओळखलं जाणं, असं काही. सोबत पुरावे जोडायचे, म्हणजे शाळेचे कागद, पत्रं, ओळखीच्यांची निवेदनं. अल्पवयीन मुलासाठी पालक अर्ज करतात, पण मूल १३ वर्षांचं झालेलं असेल तर त्याची स्वत:ची संमती लागते. अधिकाऱ्याला कारण पटलं नाही तर तो सरकारी वकिलांकडे पाठवतो, आणि त्यांनी विरोध केला की मग कौटुंबिक न्यायाधीश. पहिल्या नावावर काट मारण्याऐवजी नावांचा क्रम बदलून मागता येतो. पणजीचं नाव तसंच नोंदीत राहतं, फक्त मागच्या बाकावर जातं.